दारापुढची हिरवळ

हिरवळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शहरातला बंगला येतो, फाटकातून आत गेल्यावर दिसणारे गुळगुळीत गवत येते, आणि रबरी नळीने पाणी मारणारा माळी येतो. खेड्यात कुणी आपण होऊन गवत लावील, त्याला खत घालील, ही कल्पनाच पुष्कळांना हसू आणील. “अहो, आमचा जन्म गवत उपटण्यात गेला, आणि तुम्ही ते लावायला सांगता?” असे एखादे आजोबा म्हणतील. त्यांचे म्हणणे खोटे नाही. शेतात हरळी आणि कुंदा शिरला म्हणजे काय होते, हे ज्याने नांगर धरला त्याला सांगावे लागत नाही.

पण तीच हरळी दारापुढे असली तर तिचे काम निराळे असते. उघड्या अंगणात वळवाचा पाऊस पडला की पहिल्या तासाभरात चांगली माती वाहून ओढ्याला मिळते. उन्हाळ्यात त्याच अंगणातला फुफाटा घरात येतो, भाकरीवर बसतो, दम्याच्या माणसाला खोकला लावतो. शाळेच्या पटांगणाची गत याहून वाईट. तेथे तीनशे मुले रोज धावतात, आणि दरसाल पावसात मैदानाचा एक पापुद्रा निघून जातो. काही शाळांत झाडांच्या मुळ्या वर उघड्या पडलेल्या दिसतात, त्या याच कारणाने. ही माती जागच्या जागी धरून ठेवणारी वस्तू म्हणजे गवताचे मूळ. म्हणून आज आपण हिरवळीचा विचार करायचा आहे. तो शोभेसाठी कमी आणि माती व पाणी यांसाठी जास्त.

प्रथम गवत कोणते लावावे ते पाहू. रोपवाटिकेत निरनिराळ्या परदेशी नावांची गवते तुकड्यांवर विकत मिळतात. ती दिसायला मऊ आणि दाट असतात. पण त्यांतल्या बहुतेकांना बारा महिने पाणी हवे. आपल्या कामाची ती आपली हरळीच, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा. इंग्रज लोक या देशात आले तेव्हा त्यांच्या थंड मुलखातले गवत आपल्या उन्हापुढे टिकेना. मग त्यांच्याही बंगल्यांपुढे हीच हरळी आली. हिला ऊन आवडते. जमिनीवरून धावणारे आणि जमिनीखालून सरकणारे असे दोन प्रकारचे धावते खोड तिला असते, आणि प्रत्येक पेरापाशी ती मूळ धरते. पाणी तुटले की वरचे पाते वाळवून ती खाली जीव धरून राहते, आणि पहिल्या सरीला पुन्हा फुटते. एक गोष्ट मात्र तिला सोसत नाही, ती म्हणजे सावली. आंबा, फणस किंवा चिंच यांच्या दाट सावलीत हरळी लावण्याचा हट्ट धरू नये. तेथे झाडाचाच पाचोळा पसरून ठेवावा; मातीला तेवढे पांघरूण पुरते.

जागा किती घ्यावी? येथे थोडे गणित करू. शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्गात फळ्यावर मांडावे, मुलांना गंमत वाटेल. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा, म्हणजे जवळजवळ शंभर चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. तेव्हा गुंठाभर जागेला एक मिलिमीटर पाणी द्यायचे तर शंभर लिटर लागते. ऐन उन्हाळ्यात हिरवळ हिरवीगार ठेवायची म्हटली तर दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे पाचशे लिटर, पंधरा लिटरचे तेहतीस हंडे, आणि तेही रोज!

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. जलजीवन मिशन ही योजना २०१९ साली सुरू झाली. तिच्यात खेड्यातल्या माणसाला दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. म्हणजे एक गुंठा हिरवळ उन्हाळ्यात नऊ माणसांचे पाणी पिऊन टाकते. ज्या गावाला चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावात असे करणे बरे दिसेल का? मुळीच नाही. तेव्हा आपला पहिला नियम असा : पिण्याचे पाणी हिरवळीला घालायचे नाही. हिरवळ जगायची ती पावसावर, आणि फार तर न्हाणीच्या पाण्यावर. घरापुढे पाव गुंठा, म्हणजे सोळा-सतरा फूट लांब-रुंद एवढी जागा पुष्कळ झाली. तिला उन्हाळ्यात रोज सव्वाशे लिटर लागेल. घरात पाच माणसे असली आणि प्रत्येकाच्या आंघोळीचे पंचवीस लिटर धरले, तर तेवढे पाणी न्हाणीतूनच निघते. अर्थात परसात चार भाज्या आणि आंब्याचे रोप असेल तर ते आधी, हिरवळ मागून.

आता जागा तयार करण्याविषयी. हे काम उन्हाळ्यातले. चैत्रात किंवा वैशाखात वीतभर खोल खणून ढेकळे उन्हात तापू द्यावीत. लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. ही गाठ म्हणजे नागरमोथ्याची; एक राहिली तरी वर्षात तिच्या शंभर होतात. मग रोहिणीच्या किंवा मृगाच्या पहिल्या पावसाने जे तण उगवेल ते उगवू द्यावे आणि खुरपून टाकावे. हा एक पंधरवडा धीर धरला तर पुढे दोन वर्षांची खुरपणी वाचते. काळी जमीन असेल तर तिच्यात बारीक मुरूम किंवा वाळू मिसळावी, नाहीतर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात पाणी साचते. जमिनीला घराकडून बाहेर थोडा उतार ठेवावा. शंभर फुटांना एक फूट एवढा पुरे. उतार नसेल तर पाणी साचेल, आणि साचलेल्या पाण्यात डास होतील.

लावणी दोन तऱ्हांनी करता येते. पहिली तऱ्हा सरळ आहे. हरळीच्या मुळासकट काड्या आणाव्यात, त्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत, आणि चार-चार बोटांवर टोकून पायाने दाबावेत. दुसरी तऱ्हा गमतीची आहे. हरळी बारीक चिरावी, तीत ताजे शेण आणि चाळलेली माती घालून पाण्याने दाट काला करावा, आणि अंगण सारवतो तसा तो बोटभर जाडीने जमिनीवर पसरावा. पाऊस चालू असला तर दोन्ही तऱ्हांनी दीड-दोन महिन्यांत जमीन झाकली जाते. आर्द्रा आणि पुनर्वसू ही नक्षत्रे लावणीला चांगली.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. अंगणाला लागून शेत असेल तर मध्ये फूटभर खोल चर खणावा, किंवा विटा-दगड उभे पुरून कड बांधावी, आणि दर महिन्याला ती कड तपासावी. उपटलेली हरळी शेताच्या बांधावर किंवा ओल्या उकिरड्यावर फेकू नये. तिचा वीतभर तुकडासुद्धा रुजतो. आधी उन्हात कडकडीत वाळवावी, नाहीतर वासराला घालावी. जनावरे ती आवडीने खातात.

आता वर्षाचे चक्र घेऊ. हिरवळीचे वर्ष मृगापासून सुरू होते.

पहिला पाऊस पडण्याच्या सुमारास जुन्या हिरवळीवर चांगले कुजलेले शेणखत चाळून पसरावे. अर्धा सेंटिमीटर थर पुरे; गुंठ्याला तीस-पस्तीस घमेली लागतील. मग खराट्याने ते पात्यांच्या आत झाडून घालावे. कच्चे शेणखत कधीही घालू नये, कारण त्याच्या वासाला वाळवी येते आणि हुमणी अंडी घालते. हुमणीचे नाव निघालेच आहे तर तिचेही सांगून टाकतो. वळवाच्या पहिल्या पावसानंतर दिवेलागणीला तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसतात. त्या वेळी फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडावेत आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावेत. हे काम सगळ्या आळीने मिळून केले तर उसालाही फायदा आणि हिरवळीलाही. ते राहून गेले तर श्रावण-भाद्रपदात गवताचे पिवळे ठिगळ दिसू लागते, आणि हाताने ओढताच ते सतरंजीसारखे उचलून येते. खाली पांढरी, वाकडी अळी मुळे खात बसलेली असते. साळुंक्या आणि कावळे एकाच जागी टोचे मारताना दिसले तर त्यांना हाकलू नका. ते आपलेच काम करीत असतात.

आषाढ-श्रावणात हरळी झपाट्याने वाढते. या दिवसांत आठ-दहा दिवसांनी कापणी करावी. यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर मोठी कात्री किंवा धारेचा विळा चालतो. पात्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून जास्त एका वेळी कापू नये, आणि जमिनीलगत खरडू नये. खाली दोन-तीन बोटे गवत राहिले पाहिजे. पाते हे गवताचे स्वयंपाकघर आहे. तेच कापून टाकले तर मुळांना अन्न कुठून मिळणार? गवत ओले असताना कापू नये, उघडीप पाहून कापावे. पुष्कळ बाया-माणसांना अशी भीती वाटते की, गवत केले की साप-विंचू येणार. भीती रास्त आहे, पण ती उंच गवताची. गुडघाभर गवतात घोणस लपते. दोन बोटे उंचीच्या हिरवळीत तिला लपायला जागाच नसते, आणि पाय टाकण्यापूर्वी ती दिसते. म्हणून एक तर गवत नेमाने कापा, नाहीतर लावूच नका.

पावसाने जमीन धुपून पाते फिकट दिसू लागले तर थोडा युरिया द्यावा. गुंठ्याला अर्धा किलो पुरे, म्हणजे त्यातून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास नत्र मिळते. तो दुपटीने कोरड्या मातीत मिसळून पाते कोरडे असताना फेकावा, आणि लगेच पाणी मिळेल अशी वेळ पाहावी. नाहीतर पाते करपते. लावणीनंतर तीन आठवड्यांनी एकदा आणि भाद्रपदात एकदा, एवढेच. जास्त खत म्हणजे जास्त वाढ, जास्त कापणी आणि जास्त तहान.

याच दिवसांत तणांकडे लक्ष हवे. आंबुशी आणि दुधी हाताने निघतात. गोखरू मात्र कोवळे असतानाच उपटावे. त्याचा काटा अनवाणी पोरांच्या टाचेत मोडतो. सगळ्यांत वाईट ते गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो. हे आपल्या मुलखातले नव्हे, अमेरिका खंडातून आलेले. १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात ते अभ्यासकांच्या नजरेस आले, आणि आज ते ठाऊक नाही असे गाव नाही. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दम लागतो. फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हाताला पिशवी बांधून ते मुळासकट उपटावे. लहान मुलांकडून हे काम करून घेऊ नये. गाजरगवतावर बारीक पट्टेदार भुंगेरे पाने खाताना दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकोतले भुंगेरे मुद्दाम त्यासाठी १९८० नंतरच्या दशकात आपल्या देशात आणून सोडले आहेत. तणनाशकाचा फवारा मात्र दारापुढे नको. तेथे मुले लोळतात, वासरू चरते, आणि त्याच दूर्वा आपण देवाला वाहतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस संपतो आणि ऊन तापते. येथे पुष्कळ लोक रोज थोडे थोडे पाणी शिंपडतात. असे केले की मुळे वरच्या वर राहतात, आणि एक दिवस खंड पडला की गवत मान टाकते. त्यापेक्षा दहा-बारा दिवसांनी एकदा, पण वीतभर खोल भिजेल असे पाणी द्यावे. पाणी हवे की नको हे ओळखण्याची सोपी खूण आहे : गवतावरून चालत जा आणि मागे वळून पाहा. दबलेले पाते लगेच उभे राहिले तर पाणी नको. पावलांचे ठसे तसेच राहिले तर द्या. पाणी सकाळी लवकर द्यावे. शाळेच्या मैदानावर पायांनी जमीन घट्ट झाली असेल तर या दिवसांत लोखंडी पहारीने किंवा दाताळ्याने जागोजाग भोके पाडावीत, म्हणजे हवा आणि पाणी आत जाईल.

मार्गशीर्ष-पौषात थंडी पडली की हरळीची वाढ थांबत येते. नाशिककडे, निफाडकडे पारा फार उतरतो, तेथे ती पिवळटही पडते; कोकणात आणि गोव्यात तेवढी नाही. हे दुखणे नव्हे, ही तिची झोप आहे. खत घालून तिला जागे करू नये. तीन आठवड्यांनी एखादी कापणी आणि बेताचे पाणी, एवढ्यावर हा काळ निघतो.

शिमगा झाला की खरी परीक्षा येते. विदर्भात तर पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. न्हाणीचे पाणी असेल तर ते आज एका बाजूला, उद्या दुसऱ्या बाजूला असे फिरवून सोडावे. एकाच जागी साबणाचे पाणी मुरू देऊ नये, आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी तर टाळावेच. पाणी नसेल तर? तर काही करू नये! कापणी बंद करावी, गवत थोडे उंच राहू द्यावे, त्यावरून बैलगाडी-मोटारसायकल नेऊ नये, आणि ते वाळलेले पाहून मन घट्ट करावे. एक-दोन पावसाळे खाल्लेली हरळी वैशाखात तपकिरी पडली तरी मरत नाही. वाळलेली पाते माती झाकून ठेवतात, धूळ उडू देत नाहीत, आणि जमिनीखाली धावते खोड जिवंत असते. खात्री करायची असेल तर एक काडी उकरून पेरापाशी मोडून पाहा. आत पांढरी, ओलसर दिसली तर ती जिवंत आहे. शेजारी हसले तर त्यांना ती काडी दाखवा. दुष्काळी मुलखात बारमाही हिरव्या गवतापेक्षा हे ऋतुमानाने वागणारे गवत शहाणे म्हटले पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक प्रयोग सांगतो. तेलाचे दोन जुने पत्र्याचे डबे आडवे कापून त्यांचे ट्रे करा. पत्र्याच्या कडा वाळवून ठोकून घ्या, मुलांच्या हाताला लागायला नकोत. दोन्हींत एकाच जागेची माती भरा. एकात नुसती माती, दुसऱ्यात वर हरळीचा थर लावून महिनाभर रुजू द्या. मग दोन्हींच्या एका टोकाखाली वीट ठेवा, दुसऱ्या टोकाला खाच पाडून तिच्याखाली काचेची बरणी ठेवा. झारीने दोन्हींवर दोन-दोन लिटर पाणी घाला. मुलांना विचारा : पाणी कुठे आधी आले, कुठे जास्त आले, आणि कुठले गढूळ आहे? एका बरणीत तळाला मातीचा थर बसेल, तो मुलांना पट्टीने मोजू द्या. धूप म्हणजे काय हे पुस्तकातल्या चार पानांनी समजत नाही, ते या दोन बरण्यांनी समजते.

दुसरे, शाळेच्या छपरावर पडणारे पाणी मोजा. शंभर चौरस मीटर छपरावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी चाळीस हजार उरते. ते पन्हळीने खड्ड्यात मुरवले तर पटांगणाची ओल दिवाळीच्या पुढेही टिकेल. मैदानाचे चार भाग करून एकेक भाग पाळीपाळीने पावसाळाभर मुलांच्या पायांपासून राखा. चार वर्षांत पुष्कळसे मैदान झाकले जाईल. खो-खो आणि कबड्डीची जागा मात्र मोकळी ठेवा; मुलांचे खेळ बंद करून वाढवलेली हिरवळ काय कामाची?

श्रोतेहो, थोडक्यात सांगायचे तर मृगात खत, आषाढ-श्रावणात कापणी, आश्विनात खोल पाणी, पौषात विसावा आणि वैशाखात धीर, एवढी हिरवळीची बाराखडी आहे. खर्च म्हणाल तर एक खुरपे, एक विळा आणि बांधावरची चार मूठ हरळी. येत्या मृगाला दारापुढची पाव गुंठा जागा नेमून घ्या, आणि त्याच्या आदल्या वैशाखात ती खणून ठेवायला विसरू नका. पुढच्या वळवाचे पाणी आपल्या अंगणातून ओढ्याकडे जाताना गढूळ जाते की निवळ, ते उंबऱ्यात उभे राहून तुम्ही स्वतःच पाहा.